थुंकी मागणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई ओळख झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला माणसाला थुंकायला सांगत. उरणकडच्या आमच्या गावात भिंतीवर, रस्त्यावर, एसटीच्या खिडकीतून हौसेने थुंकणारे भरपूर; पण सही करून प्लास्टिकच्या नळीत थुंकायचं म्हटलं की सगळ्यांचे घसे कोरडे पडत.

मिठागरात राबलेल्या आईबापांची ही मुलगी शिकून संशोधक झाली होती. काही मुली जेवण टाकून सापळा का होतात, ते रक्तातून येतं की आजूबाजूच्या माणसांतून, हे त्या थुंकीतल्या जनुकांवरून शोधत होत्या. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते, त्यामुळे मला सगळं आधीच ठाऊक होतं. "असली थेरं शहरात," त्या आमच्या घरी आल्या तेव्हा मी म्हणाले. "आमच्या मुली जेवतात."

"मंग द्या थुंकी. फक्त अर्ध्या तासात काय खाल्लेलं नको."

आम्ही सगळे नुकतेच चहापाव खाऊन बसलेलो. नियमात बसली ती एकटी सायली, माझी सोळा वर्षांची मुलगी. "मी परवापासून काही खाल्लेलं नाही," ती म्हणाली. मी कौतुकाने भर घातली, "सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सगळं करते हो! दहावीच्या परीक्षेतही एक उपवास मोडला नाही."

कुंदाताईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. "बाई, आज बुधवार हाय. आज कुठल्या देवाचा?"

मला देव आठवेना. मे महिन्याच्या घामात सायली स्वेटर घालून बसली होती, आणि आम्ही त्याला फॅशन म्हणत होतो.

"घरात आधी असं कोनी व्हतं?" त्यांनी कागद काढला. "छे!" मी म्हणाले. त्या भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपाशी गेल्या. "ह्या कोन?"

"सायलीची आत्या, माझी नणंद. साक्षात देवी! नुसत्या दुधावर राहायची. तेविसाव्या वर्षी गेली." हेही मी अभिमानानेच सांगितलं. विज्ञान शिकवते ना मी!

कुंदाताईंनी कागद मिटला. मग म्हणाल्या, "रक्तातलं सापडायला मला अजून वर्सं लागतील. हार कोनी घातला ते मात्र दिसतंय. चला, हिला आत्ताच दवाखान्यात न्या."

तिथल्या डॉक्टरांनी सायलीची नाडी पुन्हा पुन्हा मोजली आणि तिला लगेच दाखल करून घेतलं. अजून थोडे दिवस गेले असते तर हृदयाने दगा दिला असता, असं त्यांनी सांगितलं. मी बाकावर बसून ढसाढसा रडले. "माझीच चूक ना?" मी कुंदाताईंना विचारलं.

"न्हाय गो. आई असा आजार पाडत न्हाय. इतकी वर्सं शोधतो तरी आमाला पुरतं कारन गावलं न्हाय, तुला एका दिवसात गावलं व्हय?" असं झापून त्यांनी माझ्या हातात चहा दिला.

वर्षभराने त्यांचं इकडचं काम संपलं. निरोप घ्यायला आल्या तेव्हा दुपारची जेवणं चालली होती. आत्याच्या फोटोचा हार मी केव्हाच काढला होता. तो बिनहाराचा फोटो पाहून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. सायलीने बोंबलाच्या कालवणाबरोबर अर्धी भाकरी संपवली. मी "शाब्बास" म्हणायला तोंड उघडलं, तोच कुंदाताईंनी माझा गुडघा दाबला.

"उपासाला टाळ्या वाजवल्यास तेवढ्या पुरे," त्या कानाशी म्हणाल्या. "आता तिला नुसतं जेवू दे."

मी तो शब्द गिळला आणि माझ्या ताटात पाहून जेवू लागले. सायलीने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडला.