वाचवलेला वेळ गेला कुठे

तळ्याला अर्धी फेरी झाली तरी भाऊजी गप्पच होते. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि वाटेत त्यांनी काही तळलेलं खाऊ नये म्हणून घरच्यांनी वहिनींना पहाऱ्यावर नेमलं होतं.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. आठव्या महिन्यातच जन्माला आले, तेव्हापासून घरात नाव पडलं घाईसाहेब. शिकून इंजिनिअर झाले आणि घरबसल्या सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या कंपनीत लागले. तिथे दोन वर्षं त्यांनी एकच काम केलं. बटण दाबल्यावर पडद्यावर गोल गोल फिरत राहायचं ना, ते घालवलं. त्यापायी केस गेले, पोट आलं, आणि बायको माहेरी जाऊन परत आली तरी यांना पत्ता नाही.

"उद्या साहेबांपुढे सांगायचंय," भाऊजी शेवटी म्हणाले, "या कामाचा गिऱ्हाइकाला काय फायदा झाला ते. नाही पटलं तर आमचा विभाग बंद. वहिनी, माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच. खरं सांगा."

"ते गोल होतं तेच बरं होतं."

भाऊजी जागच्या जागी थबकले. मागून पळत येणारे एक गृहस्थ त्यांच्यावर आदळता आदळता वाचले.

"अहो, तेवढ्यात मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. दिवसभरात तेवढीच काय ती उसंत. आता बटण दाबलं की गादीवाला ओरडत येतो."

"कोण गादीवाला?"

"जाहिरात हो! पाठदुखीच्या गादीची. पुढे ढकलायचीही सोय नाही. तुम्हीच घातलीत ना?"

"मी वेळ वाचवला होता," भाऊजींचा आवाज पडला. "आमच्या जाहिरातवाल्यांनी तो..."

"विकला. म्हणजे तुम्ही घर झाडून-पुसून ठेवलंत, आणि मालकाने त्यात भाडेकरू घातला."

बोलून गेल्यावर वहिनींनाच वाईट वाटलं. बिचाऱ्याने जीव ओतला होता.

"पण आता चित्र मध्येच अडकत नाही हं! ते मात्र फार छान केलंत."

"ते दुसऱ्या विभागाने केलं."

वहिनींना हसू आलं आणि ते दाबायला जमलंही नाही. भाऊजी बाकावर बसले. मग एकदम वळले.

"वहिनी, उद्या माझ्याबरोबर ऑफिसात चला. मी बोललो तर म्हणतील, स्वतःची कातडी वाचवतोय. मघाशी ते झाडलेल्या घराचं आणि भाडेकरूचं बोललात ना, तसंच्या तसं साहेबांपुढे बोला. आणि तुम्ही कोण असं विचारलं, तर गिऱ्हाईक म्हणा. माझी वहिनी म्हणू नका."