भाऊजींचं हवामान खातं

दिल्लीत हवेला शिस्त लावता येईल असा विश्वास बाळगणारा शेवटचा सरकारी अधिकारी म्हणजे माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. मूळचे नागपूरचे, नोकरी दिल्लीच्या एका मंत्रालयात, घर फरीदाबादला. हवेसाठी सरकार काय काय करतं हे त्यांनी आतून पाहिलेलं असल्यामुळे बाहेरच्या हवेचा नाद त्यांनी केव्हाच सोडला होता आणि सगळं लक्ष एका छोट्या, आटोक्यातल्या प्रदेशाकडे वळवलं होतं. तो प्रदेश म्हणजे त्यांच्या नव्या गाडीचा आतला भाग. या गाडीत हवामानाचा कारभार आपोआप चालतो. आपण फक्त तापमानाचा एक आकडा सांगायचा. पंखा किती, गार किती, गरम किती, हवा आतलीच फिरवायची की बाहेरची घ्यायची, हे गाडी ठरवते. लोक नवी गाडी आली की हायवेवर मुरथलच्या ढाब्यांवर पराठे खायला जातात. भाऊजींनी आधी गाडीसोबत आलेली जाडजूड माहितीपुस्तिका वाचली, तीही समासात ‘पाहिले’, ‘चर्चा करावी’ असे शेरे मारत.

या वेडाचं मूळ ताईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, छातीत होतं. ताईला दमा. दिवाळी सरली आणि धुरकं उतरलं की तिचा खोकला सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हिवाळा दिल्लीबाहेर काढा. मुलगा नागपुरात, तो बोलावत होताच. पण ताईला भाऊजींना एकटं सोडायचं नव्हतं, आणि भाऊजींना तर वरणाला फोडणी कशी देतात हेही ठाऊक नव्हतं. घरात त्यांनी हवा शुद्ध करणारी यंत्रं आणली, खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. राहिली गाडी. ती एकदा समजली की ताईला कुठे जायची गरज नाही, असा त्यांचा हिशेब होता.

त्यामुळे भाऊजींच्या गाडीत बसणं म्हणजे प्रशिक्षण शिबिराला बसणं. एकदा भर जूनमध्ये मी आत शिरलो आणि उकाड्याने हैराण होऊन आकडा चोवीसवरून पार अठरावर नेला. भाऊजींनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. “साडूबुवा, नागपूरच्या गाडीवर चेन्नईची पाटी लावली तर ती नागपूरला लवकर पोचते का?”

मी नाही म्हणालो.

“मग? चोवीस येईपर्यंत ती पूर्ण जोर लावणारच आहे. तुम्ही अठरा सांगितलंत तर चोवीसला थांबायचं सोडून पुढे जाईल, एवढंच.” हे पटण्यासारखं होतं, पण घाम ते ऐकत नव्हता. त्यांच्या सोसायटीच्या अध्यक्षांना तर हेही पटलं नाही. एकदा भाऊजींच्या गाडीतून निघाले असताना ते मागच्या सीटवरून म्हणाले, “अरे यार, थोड़ा फैन तेज़ कर दो.” भाऊजी शांतपणे म्हणाले, “बिल्कुल नहीं. फैन अपना फैसला खुद लेता है.” त्यावर अध्यक्ष म्हणाले, “आप सरकारी आदमी होके किसी को फैसला लेने दे रहे हो?” तेव्हापासून अध्यक्ष मेट्रोने जातात.

एवढं करूनही त्या उन्हाळ्यात गाडी काही केल्या नीट गार होईना, आणि ताईच्या बाजूला तर भाजून निघत होतं. शेवटी पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात उत्तर सापडलं. काचेखाली, डॅशबोर्डवर एक काळी गोल टिकली असते. ऊन किती आहे ते तिला कळतं आणि त्यावरून गाडी पंखा वाढवते. ती झाकू नये, असं छापलेलं होतं. गाडी घेतली त्या दसऱ्याला भाऊजींनी नेमका तिच्यावर गणपती बसवला होता. देव सावलीत नव्हता, पण गाडीच्या लेखी कायम तिन्हीसांज होती.

मी म्हटलं, “सरकवा की जरा.” तर म्हणे अक्षता वाहून बसवलेली मूर्ती अशी उपटायची नसते, रीतसर उत्तरपूजा हवी. नागपूरच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि सांगितलं, आता मूर्ती किंचित उत्तरेला सरकवा. पण पार्किंगमध्ये गाडीचं तोंडच उत्तरेला, म्हणजे मूर्ती सरकवायची ती पुढच्या काचेकडे, आणि तिथे जागाच नाही. मग भाऊजींनी गाडीच फिरवून लावायला घेतली. सोसायटीचा गार्ड “और लो, और लो” करतोय, गुरुजी फोनवर ताटकळलेत, आणि मागची सीट उत्तर शोधत पार्किंगभर फिरतेय. ताई जिन्यात उभी राहून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला आणि भाऊजींनी इंजिन बंद केलं. मूर्ती सरकली मात्र, आणि गाडी त्याच दिवशी गार पडली. भाऊजी इतके खूश झाले की हिवाळाही आपण असाच सोडवणार असं त्यांनी ताईला सांगून टाकलं. तिनेही नागपूरचं नाव काढणं बंद केलं.

पुढे जानेवारीत एका सकाळी ताईचा श्वास वाढला म्हणून आम्ही तिघं दवाखान्यात निघालो. बाहेर दाट धुकं, त्यात धूर. भाऊजींनी आतलीच हवा फिरत ठेवली. थोड्या वेळात आमच्या श्वासांनी समोरची काच धूसर झाली, रस्ता दिसेना. त्यांनी काच साफ करायचं बटण दाबलं. काच निवळली, पण ते बटण दाबलं की गाडी आपणहून बाहेरची हवा आत घेते. जळका वास आला आणि ताई खोकायला लागली. त्यांनी आतल्या हवेचं बटण दाबलं, काच पुन्हा धूसर. पुन्हा हे, पुन्हा ते. हाताखालच्या कारकुनाला समजवावं तसे ते गाडीला म्हणत होते, “अगं, दोन्ही दे ना.” शेवटी ताईनेच त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “अहो, रस्ता बघा. मी जाते नागपूरला.”

त्याच आठवड्यात तिला विमानतळावर सोडलं. परतीच्या वाटेवर भाऊजी गाडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला त्यांचं व्याख्यान आयुष्यात पहिल्यांदाच हवंहवंसं वाटलं.

परवा रविवारी मी फरीदाबादला गेलो तेव्हा भाऊजी करपलेल्या वरणासमोर फोन कानाला लावून बसले होते. पलीकडे ताई होती. मी समोर बसलो, चहा करून आणला, तरी ते काही बोलेनात. फोन ठेवतही नव्हते. शेवटी त्यांनी स्पीकर लावला. तिकडे अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं, पाखरं ओरडत होती.

“अहो, बोलत का नाही?” ताईने विचारलं. “मगापासून काय ऐकताय?”

“तू खोकत नाहीयेस,” भाऊजी म्हणाले, “तेच ऐकतोय.”

पलीकडे ताई हसली. मग म्हणाली, “ठेवू का आता?”

“थांब जरा,” भाऊजी म्हणाले.