सहावी तार

हुआंता गावात तेओदोरो सुल्का लोकरीच्या टोप्या करायचा, आणि टोप्यांपेक्षा जास्त वेळ गिटार वाजवायचा. गल्लीतली निम्मी लग्नं त्याने रचलेल्या गाण्यांवर नाचली होती. पण तो तारा कशा लावतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वाजवून झालं की टाळ्या थांबायच्या आत तो खुंट्या पिळून सगळी जुळणी मोडून टाकायचा. बायको एमितेरिया म्हणायची, हा घराला कुलूप लावायला विसरेल, गिटारीला नाही.

त्या जुळणीवर टपलेला एकच होता, वरच्या आळीतला गिटारवाला अनातोलियो पालोमिनो. वीस वर्षं तो पहिल्या बाकावर कान टवकारून बसत होता.

त्या वर्षी कार्निव्हलच्या चार दिवस आधी साठीचा तेओदोरो शेजारणीच्या झाडावर अवोकाडो चोरायला चढला आणि मनगट मोडून घेऊन उतरला. कार्निव्हलच्या नाचासाठी नवं गाणं तर तयार होतं. शेवटी एमितेरियानेच अनातोलियोला बोलावून मक्याच्या दारूचं मडकं पुढे ठेवलं.

तेओदोरोने चाल गुणगुणून दाखवली, तारांची जुळणीही सांगितली. फक्त सहावी तार मुद्दाम एक सूर वर सांगितली. होऊ दे जरा फजिती.

"एवढी चढी?" अनातोलियोने विचारलं.

"तुझ्या कानांना नाही झेपायची, माहीत होतं मला," तेओदोरो गंभीरपणे म्हणाला.

कार्निव्हलला चौकात पहिल्याच ओळीला ती तार हंबरली. तेओदोरोने हसू लपवायला टोपी पुढे ओढली. अनातोलियो अडखळला, पण थांबला नाही. दुसऱ्या फेरीला त्याने त्याच तारेवर अंगठा दाबला आणि तिसऱ्या फेरीला अख्खी चाल तिच्यावर टेकवली. चौक पेटल्यासारखा नाचायला लागला. तेओदोरोचं हसू कधी मावळलं, त्यालाच कळलं नाही. आपल्या गाण्यात हे दडलंय, हे त्याला तीन महिने रचताना सापडलं नव्हतं.

"ती सहावी तार तुम्हालाच सुचावी, मास्तर," अनातोलियो घाम पुसत म्हणाला.

खरं बोलावं तर लबाडी उघडी पडणार, गप्प बसावं तर फुकटची वाहवा. तेओदोरोने वाहवा घेतली.

मनगट जुळल्यावर तो दार लावून स्वतःचंच गाणं नव्याने शिकायला बसला. काही केल्या तो अंगठा साधेना. पंधरा दिवस एमितेरियाने ते सोसलं. मग म्हणाली, "जा ना, विचार त्याला."

तो गेला, भर दुपारी, सगळ्या आळीदेखत. अनातोलियोने त्याची कबुली नीट ऐकून घेतली, बायकोला आतून बोलावून पुन्हा एकदा सांगायला लावली, आणि मगच शिकवायला बसला. तेओदोरोला तो अंगठा साधायला महिना लागला.