फारकतीचं समन्स बजावताना

बेलिफाची नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते कोर्टफी न भरताच दाखल होतात. त्यातही फारकतीचं समन्स असेल आणि घरात लेकरं असतील, तर एकही चक्कर वाया जात नाही.

नंदनवन वस्तीतल्या एका बाईनं समन्स घ्यायला साफ नकार दिला. घेतलं नाही तर दारावर डकवायचं, असा कायदा. माझी खळ वाळून गेलेली! मग त्या माउलीनंच कणकेची खळ शिजवून आणली. वर म्हणते, "जरा उंच लावा भाऊ, खाली लावलं तर लेकरं फाडतीन."

एका घरी नवरा नव्हता, त्याची आई होती. सुनेचा अर्ज तिनं मला ओट्यावर बसवून पूर्ण वाचायला लावला. लेकाचा एकेक प्रताप ऐकत म्हातारी सुपारी कातरत होती. शेवटी म्हणाली, "पोरीनं लय कमी लिवलं गा."

आमचा एक नवा बेलिफ तर धन्य! बायको घरी नसेल तर घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं, एवढं त्याला पाठ. घरात सज्ञान माणूस एकच, खुद्द अर्ज करणारा नवरा. त्याच्याच हाती देऊन, सही घेऊन हा परत. जज्जसाहेब नवऱ्याला म्हणाले, "पाठवणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच. मग बाईंना कशाला त्रास?"

सीताबर्डीच्या कापड दुकानातला सेल्समन मात्र पक्का होता. बायकोनं फारकत मागितलेली, एकुलत्या पोरीचा ताबाही. समन्स बजावलं जाईना म्हणून तारखांवर तारखा पडत होत्या. तिला धास्ती एकच, तोवर सासरचे पोरीला उचलून नेतील. मी गेलो की हा गायब. शेवटी नवरा ओळखून दाखवायला ती स्वतःच माझ्यासोबत आली, पोरीला कडेवर घेऊन.

तर हा साडीची घडी घालत म्हणतो, "तो गावले गेला. मी तो नाही. या बाईले मी ओळखतही नाही." बाकीचे सेल्समनही माना डोलावतात!

बाईला रडू फुटलं. माझंही डोकं फिरलं. तेवढ्यात पोरगी कडेवरून झेपावली आणि काउंटरवरून सरळ त्याच्या गळ्यात. त्यानं सवयीनं तिला उचलून घेतलं.

मी पेन उघडलं. म्हटलं, "ठीक आहे, तुम्ही तो नाही. मग ही पोरगी कोणाची, तेवढं सांगा. या दोन सेल्समनच्या साक्षीच्या सह्या घेऊन तसं लिहून टाकतो."

त्यानं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"माही आहे," तो म्हणाला. "आणा तो कागद."

सही होईपर्यंत त्यानं पोरीला खाली ठेवलं नाही, आणि बाईनंही पोरीला परत मागितलं नाही.