अडतीस सेंटिमीटरांची कुळी

कमळाकर म्हात्रेच्या घरी लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी असते. कैऱ्या कुठून आणल्या, कोणत्या तारखेला, मीठ किती, आणि यंदा मोहरी का कमी. बरणी भरणारा तोच आणि संपवणाराही तोच. त्यामुळे ही माहिती नेमकी कुणासाठी, असं विचारायलाही घरात कुणी नाही. लग्न राहून गेलं. शिरगावात म्हात्र्यांचा वाल जिथे पिकायचा तिथे आता सात मजली इमारत आहे आणि वाटणीत त्याच्याकडे तिचा चौथा मजला आला. शेतकऱ्याच्या वाट्याला जमिनीपासून चाळीस फूट वरची जमीन येणं, याचं बदलापुरात आता कुणाला नवल वाटत नाही.

नोकरी अंबरनाथला, नदीचा अभ्यास करणाऱ्या एका लहानशा केंद्रात. पावसाचे आणि नदीच्या पातळीचे आकडे संगणकात घालायचे, ते एकामागून एक सात प्रोग्राममधून जायचे, आणि शेवटी नकाशावर एक निळी रेघ उमटायची: पूर आला तर पाणी इथवर येईल. रेघ साहेब लोक सभेत दाखवत. ती कशी निघाली हे कमळाकर लिहून ठेवी. कोणती फाइल घेतली, प्रोग्रामची कितवी आवृत्ती, कुणी चालवली, मध्ये काय बदललं आणि का. या प्रकाराला जगात प्रोव्हेनन्स म्हणतात. कमळाकर 'कुळी' म्हणे. ज्या आकड्याची कुळी ठाऊक नाही त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका, असं तो नव्या पोरांना सांगायचा. पोरं मान डोलवत आणि सहा महिन्यांत दुसरी नोकरी धरत.

सोळा वर्षांत या कुळीची तीन हजार पानं झाली. केंद्राच्या संकेतस्थळावर ती सगळ्यांना खुली होती. ती आजवर किती वेळा उघडली गेली, तो आकडाही शेजारी दिसे. कमळाकर तपासायला उघडी तेव्हा तो एकाने वाढे.

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना जिज्ञासा नावाच्या संशोधक बाईंचं पत्र आलं. लांबच्या एका विद्यापीठात त्या नद्यांच्या पुरावर काम करत होत्या. 'सर, तुमच्या नोंदींवरून मी सातही पायऱ्या माझ्या संगणकावर पुन्हा चालवल्या. रेघ तुमच्यासारखीच आली. मी तुमची सगळी पानं वाचली.'

कमळाकर खाली जाऊन चहा पिऊन आला, पत्र पुन्हा वाचलं, आणि परत खाली जाऊन आणखी एक चहा प्यायला.

मग दहाबारा दिवस पत्रं चालली. त्या एका ओळीत विचारत, तो दोन पानं उत्तर लिही. सकाळी ऑफिसला पोचल्यावर पंखा लावायच्या आधी तो पत्रं बघू लागला. आणि मग हा प्रश्न आला:

'पुलावरच्या रोजच्या पातळीत ऑक्टोबर २०१६ पासून ३८ सेंटिमीटर मिळवलेले दिसतात. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "कारण माहीत आहे." कुणाला, सर? याचा आधार मिळाला नाही तर पुढची आठ वर्षं मला वगळावी लागतील. आणि ती वगळली तर रेघेला काही अर्थ उरत नाही.'

कारण खरंच माहीत होतं. बदलापूरबाहेरच्या जुन्या पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी मोजायचे आकडे रंगवलेले होते. २०१६ साली ते फिके झाले म्हणून पेंटर बोलावला. त्या दिवशी खांबावरचं मूळ शून्य पाण्याखाली होतं. पेंटरने पाण्यावर दिसणाऱ्या खांबाच्या कट्ट्यापासून शून्य धरलं आणि वर रंगवत गेला. कागदावर नदी एका दुपारीत अडतीस सेंटिमीटर खाली गेली. ऑफिसात आठवडाभर त्याच्यावरच विनोद चालले होते. जे सगळ्यांना तोंडपाठ आहे ते लिहायचं कशाला, असं आयुष्यात एकदाच त्याच्या मनात आलं, आणि ते इथे आलं. हे सगळे म्हणजे तिघे. एक साहेब, ते वारले. दुसरा तो स्वतः. तिसरा सोमा पाटील, जो पुलाशेजारी राहायचा आणि रोज पातळी वाचून सांगायचा. आता आकडे ॲपवरून येत, त्यांत पाठवणाऱ्याचं नाव नसे.

जुन्या फायली साध्या होत्या. मागची तारीख घालून कारण लिहायला अर्धं मिनिट पुरलं असतं. कमळाकरने लिहिलंही. पुढच्या रकान्यात प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं नाव हवं होतं, तिथे 'सोमा पाटील' घातलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की सोमा जिवंत आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. लिहिलेलं सगळं त्याने पुसलं. सोमाचा जुना नंबर बंद होता.

दोन जणांना विचारून पत्ता लागला. विठ्ठलवाडीला, बस डेपोच्या मागे, मुलाच्या फ्लॅटमध्ये. सोमाने दार उघडलं आणि लगेच आत घेतलं नाही.

"म्हात्रे साहेब. पानी तुंबलं का कुठं?"

"साहेब कसला, सोमादादा."

"मग काय म्हनू? रोज आठला फोन करायचास. पातळी सांगितली की भाजी काय केली ते इचारायचास. एक दिस मोबाइलमधी ॲप दिलंस आन् फोन बंद."

"वरून आदेश होता, दादा. दोन हजार वीसपासून सगळं ॲपवर."

"भाजीसाठी पन आदेश लागतो?"

कमळाकरने चपला काढल्या. सोमाने आत घेतलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि अडतिसाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता सांगितली. कमळाकरला इतकं हलकं वाटलं की त्याने दुसरं बिस्कीट घेतलं.

"पन ते एकवीसपर्यंतच," सोमा म्हणाला.

"म्हणजे?"

"एकवीसच्या उन्हाळ्यात त्याच पेंटरनं परत रंगवलं नाय का? तवा पानी तळाला व्हतं. बरोबर खालपासून धरलंन्. तुज्या हापिसातली पोरं आली व्हती बघाया, त्यांनीच सांगितलं असंल."

"मला कुणी सांगितलं नाही. तू सांगायचं ना."

"कुठं सांगू? त्या ॲपमधी आकड्याचा एकच डबा. बोलायचा डबा नाय."

म्हणजे एप्रिल २०२१ पासून आकडे बरोबर येत होते, आणि कमळाकर त्यांत रोज अडतीस मिळवत होता. त्या वर्षी नदी अचानक वर आलेली त्याला दिसलीही होती. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडत असतील, असा खुलासा त्याने संदर्भांसह दोन पानं लिहिला होता. खऱ्या गोष्टीला तीन शब्द आणि खोट्या गोष्टीला दोन पानं, असा हा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दोघे रिक्षाने पुलावर गेले. खांबावर कट्ट्याच्या रेषेत आता ३८ चा आकडा होता. सोमाने किल्लीने रंग खरवडला, तर ३८ च्या पोटातून एक फिकट शून्य बाहेर आलं. बाजूला, आपल्या कामावर सही करायची या पेंटरांची पद्धत असते तशी, जुन्या थरात ओळ होती: 'कल्पेश आर्ट्स, कॅम्प ५, ऑक्टो. २०१६'. खाली नव्या थरात: 'कल्पेश आर्ट्स, कॅम्प ५, एप्रिल २०२१'. मोबाइल नंबरसकट.

"हा तुज्यापेक्षा बरा," सोमा म्हणाला.

कमळाकरने टेप लावला, फोटो काढले. निघताना सोमाने स्वतःचा नवा नंबर दिला. तो कमळाकरने साक्षीदाराच्या रकान्यात नीट लिहून घेतला.

त्या संध्याकाळी त्याने नोंद पुरी केली, आजच्या तारखेने. २०१६ ते २०२१, अडतीस मिळवावेत. पुढे मिळवू नयेत. चार वर्षांची चूक कमळाकर म्हात्रे यांची. बंधाऱ्याची दोन पानं पुसली नाहीत, फक्त वर 'हे चुकीचं आहे' लिहिलं. ज्या वस्तीला आपण चार वर्षं पुरात धरलं होतं, ती नव्या नकाशात रेघेबाहेर आली. तेही लिहिलं. पत्र पाठवलं आणि उत्तर येईपर्यंत चार दिवस कुठल्याच कामात हात घातला नाही.

उत्तर आलं. 'सर, मी पुन्हा चालवून पाहिलं. सगळं जुळतंय. आठही वर्षं राहतील. सोमा पाटलांचं नाव तुमच्या नावाशेजारी घातलं आहे. आता माझी काहीच शंका उरलेली नाही. खूप आभार.'

कमळाकरला आनंद झाला. तो त्याने नीट, थोडा वेळ काढून मानला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रं बघितली. तिसऱ्या दिवशीही. ज्या माणसाची शंका फिटली तो कशाला लिहील, हे त्याला कळत होतं.

चौथ्या दिवशी तो पान एकपासून सगळी कुळी पुन्हा वाचायला बसला. कुठे काही अर्धवट राहिलं असेल, एखादा आकडा, एखादं गाळलेलं कारण, ज्यावर त्या बाई पुढेमागे अडतील. निवृत्तीच्या आदल्या दुपारी तीन हजारावं पान संपलं. काहीही राहिलं नव्हतं.

पहिल्या पानाशेजारचा आकडा मात्र एकाने वाढला होता, त्याच्याच वाचण्याने.