बाबांचं अंडं, बाबांचं विमान

बाबा गेले आणि मागे दोन गाड्या ठेवून गेले, दोन्ही मिळून एका धड गाडीएवढ्या.

युरोपातल्या जुन्या चिमुकल्या गाड्या, शौकीन लोक जीव टाकतात तसल्या. एक अंड्यासारखी गोल, तीन चाकांची. दार एकच, तेही समोर, नाकाच्या जागी. आत दोघांनी शेजारीशेजारी बसायचं. दुसरी विमानासारखी. काचेचं झाकण उचलून शिरायचं, एकाने पुढे, एकाने मागे. आई आता इंग्लंडमधलं कॉव्हेंट्रीचं घर सोडून माझ्या भावाकडे, सुहासकडे, लंडनमध्ये स्टॅनमोरला राहायला जाणार होती. त्याच्याकडे जागा एकाच गाडीची. दुसरी शनिवारी जुन्या गाड्यांचा एक संग्राहक घेऊन जाणार होता.

"विमान ठेवू," सुहास फोनवर म्हणाला. "ते रेअर आहे. अंडी काय, प्रत्येक क्लासिक कार शोमध्ये दिसतात. शिवाय अंड्याला रिव्हर्स गिअरसुद्धा नाही."

आईला आम्ही विचारलंच नव्हतं.

गुरुवारी क्रेमॅटोरियममधून अस्थी आणायच्या होत्या. "अंड्यातूनच आणू ह्यांना," आई म्हणाली. मी चालवलं. आई शेजारी, मांडीवर कलश. अस्थी घरात न्यायच्या नसतात, म्हणून नदीवर नेईपर्यंत गॅरेजमध्ये ठेवायचं ठरलं होतं. मी गाडी थेट आत घातली, नाक भिंतीला टेकेपर्यंत.

बाबा अंडं नेहमी हाताने ढकलत, पाठमोरं आत न्यायचे. आम्ही भावंडं इतकी वर्षं त्यांना हसलो. ते तसं का करायचे, हे मला त्या क्षणी कळलं.

दार समोर. समोर भिंत. रिव्हर्स नाही. फरशीला उतार, तोही भिंतीकडेच. (मी हेल्थ अँड सेफ्टीत आहे. आणीबाणीत इमारतीतून बाहेर कसं पडावं, हे लोकांना शिकवते. पगार घेऊन.)

"नीता, काय झालं?"

"काही नाही गं आई. जरा अडकलोय."

"तिघंही?"

छताचं कापड उघडून मी वर चढले. खांदे गेले, पण कंबरेशी लग्नानंतरची वीस वर्षं आडवी आली. शेवटी आईने पाय ओढून मला परत खाली घेतलं. शेजारीपाजारी सगळे कामावर. सुहास दोन तासांवर.

"फायर ब्रिगेडला फोन करते."

"अग्नी देऊन झाला, आता बंब बोलावतेस?"

मग सुहासला फोन केला आणि वाट बघत बसलो. आत गारठा होता. मी रडायला लागले, आधी अडकले म्हणून, मग बाबांसाठी. आई रडली नाही. कलशावर हात ठेवून भिंतीकडे बघत म्हणाली, "विमानात मी मागे. चाळीस वर्षं ह्यांची नुसती मान बघितली. टक्कल पडताना बघितलं. बोललेलं एक अक्षर ऐकू यायचं नाही. ह्यात शेजारी असायचे गं. मला हीच हवीय."

मला बाबांपेक्षा तिचीच जास्त दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

सुहासने आल्यावर मागचा बंपर धरून आम्हाला बाहेर खेचलं. आईने उतरून कलश त्याच्या हातात दिला. "विमान विक. अंडं ठेव," ती म्हणाली. "आणि किल्ली हिच्या हाताला लागू देऊ नकोस."

रविवारी नदीवर जाताना अंडं सुहासने चालवलं. आई शेजारी, बाबा तिच्या मांडीवर. मी मागून बसने गेले, इमर्जन्सी एक्झिटच्या शेजारच्या सीटवर बसून.