शाळा सुटल्यावरची खोली

आत्या म्हणून सगळी शाळा त्यांना ओळखायची, पण खरी भाची एकच. ती याच शाळेत शिकायची आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून "आत्या, माझा डबा" म्हणून हाका मारायची. तिचं ऐकून तिचा वर्ग आत्या म्हणायला लागला, मग शिपाई, मग शिक्षक, आणि शेवटी तर हेडसरसुद्धा. भाची शिकून लांब निघून गेली, हाक तेवढी मागे राहिली. आत्यांना ती आवडायची. लग्न जमलं नव्हतं, जमवायला कुणी फार धडपडलंही नव्हतं. भाऊ-वहिनीच्या घरात आतल्या खोलीत त्यांचा पलंग होता आणि त्या पलंगाएवढीच त्यांची जागा होती. घरी वहिनी त्यांना 'वन्सं' म्हणायची ती फक्त काहीतरी काम सांगायचं असलं की.

शाळेत त्यांची नोकरी प्रयोगशाळेच्या मदतनिसाची. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, मुलांनी काही सांडलं की आधी मुलाला बाजूला करायचं आणि मग फडकं घ्यायचं. तरुणपणी आत्या आजच्यासारख्या नव्हत्या बरं का. चांगल्या फटकळ होत्या. ॲसिडच्या वाफेने डोळे चुरचुरतात, मुलं खोकतात, तेव्हा भिंतीत एक पंखा बसवून द्या, असा त्यांनी एकदा अर्ज केला. एक साधा पंखा हो! अर्ज वर गेला आणि पंख्याऐवजी आले तपासणीवाले. त्यांनी नाकाला रुमाल लावला, खोलीतून एक फेरी मारली आणि प्रयोगशाळा धोकादायक ठरवून दाराला सील ठोकलं. आत्या कायम होत्या, त्या वाचल्या. त्यांच्या बरोबरीने काम करणारी दुसरी बाई तात्पुरती होती, पदरात लहान मूल होतं. तिला घरी बसवलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "कशाला गं अर्ज केलास?"

झालं. त्या दिवसापासून आत्यांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलं. मागायचं नाही, विचारायचं नाही, कुणाच्या नजरेत यायचं नाही. आपण आहोत हे वरच्यांना कळलं की कात्री आलीच, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. माणूस एकदा पोळला की असं होतं, त्यात त्यांचं एकटीचं काय चुकलं?

पुढे शाळेला सरकारकडून संगणक मिळाले, आणि बिनप्रयोगशाळेच्या मदतनिसाला त्या खोलीची किल्ली मिळाली. या संगणकांबरोबर एक कायदाही आला होता. ज्या शाळेने सरकारी संगणक घेतले तिने शाळा सुटल्यावर ती खोली आसपासच्या लोकांसाठी उघडी ठेवायची, ज्याच्या घरी संगणक नाही त्याने इथे येऊन आपलं काम करायचं. चांगला कायदा होता. करणारे करून विसरले, पण आत्यांनी तो पाळला. संध्याकाळी त्या खोली उघडायच्या, खुर्च्या पुसायच्या, आणि एकेक माणूस यायचं. कुणी नोकरीचा अर्ज भरायला, कुणी पेन्शनचं कुठे अडलंय ते बघायला. एक म्हातारा शिंपी तर नुसता परदेशातल्या नातवाचे फोटो बघायला यायचा आणि माऊस असा धरायचा की जणू उंदीरच आहे, निसटून जाईल. आत्या त्याच्या हातावर हात ठेवून शिकवायच्या. कोरड्या हसायच्या, पण हसायच्या.

हे सगळं त्यांनी ताकास तूर लागू न देता चालवलं. माऊस बिघडला तर स्वतः दुरुस्त केला. वीज गेली तरी संगणक थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या असतात ना, त्या केव्हाच मेल्या होत्या. नव्या मागायच्या म्हणजे अर्ज आला. मागितल्याच नाहीत.

त्या खोलीत सुतारांची सून यायला लागली तेव्हापासून आत्यांच्या संध्याकाळींना रंग आला. सुतारांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि दिवसभर करवतीचा आवाज. सून अबोल, पण हुशार. तिला बालवाडीची शिक्षिका व्हायचं होतं. कोर्स सगळा संगणकावरच होता, धडे, गृहपाठ आणि शेवटची परीक्षासुद्धा. घरातला फोन सासूच्या कमरेला. नवऱ्याचा स्वभाव वाईट नव्हता, पण आईपुढे त्याचा आवाज निघायचा नाही. सासूने एवढंच मान्य केलं होतं की शाळेत एक बाई असते, तिच्या देखरेखीखाली शिकायचं असेल तर शीक, पण एकदाच. पास झालीस तर नोकरी कर, नाही झालीस तर हे खूळ डोक्यातून काढायचं आणि दुकानाचं बघायचं. जवळच्या बालवाडीने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. अडलं होतं ते एका प्रमाणपत्रावर.

"आत्या, माझ्या माहेरी मला खरी आत्या नाही," ती एकदा म्हणाली. "असती तर तुमच्यासारखीच असती."

आत्यांनी तोंड फिरवून उगाचच कीबोर्ड पुसला. रडू आलं होतं त्यांना. सरळ सांगते, आलं होतं.

आणि मग सरकारला साफसफाईची हुक्की आली. शिक्षणाचे जुने कायदे कपाटात फार साठलेत, कामाचे नाहीत ते रद्द करा, असं वरून फर्मान निघालं. आता खरं बोलायचं तर त्यातले बरेच कायदे रद्द व्हायलाच हवे होते. बाकावरच्या दौतीत रोज सकाळी शाई भरावी, असा एक होता. शिक्षकाने सायकल घेण्याआधी लेखी परवानगी घ्यावी, असाही एक होता. त्याच गठ्ठ्यात हा संगणकांचा कायदाही कुणीतरी कोंबला. हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन आहे, कशाला हवी ती खोली? पण रीत म्हणून सगळ्या शाळांना विचारणा झाली. हे कायदे तुमच्याकडे वापरात आहेत का? असतील तर तपशील द्या, नसतील तर 'निरंक' कळवा.

हेडसर भला माणूस, निवृत्तीला टेकलेला. त्यांनी आत्यांना बोलावून तो कागद दाखवला आणि म्हणाले, रोज माणसं येतात, तसं लिहून टाकतो. आत्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी हात जोडले. असं काही लिहू नका सर, लिहिलं की तपासणी येईल. वीज कुणाच्या खात्यावर, कुणाला शॉक लागला तर जबाबदार कोण, बाहेरची माणसं आत कशी, शंभर प्रश्न विचारतील आणि खोलीला सील ठोकतील. आपण गप्प आहोत म्हणून तर ती चाललीय. हेडसर जरा घुटमळले. मग त्यांना वाटलं, बाई म्हणते तेही खरंच, सील ठोकलेलं आपणही पाहिलंय. त्यांनी 'निरंक' लिहून सही केली. आत्यांच्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला दोन धडे जास्त शिकू दिले.

बाकीच्या शाळांनीही निरंकच कळवलं असणार. कुणी खरंच बंद होतं म्हणून, कुणी आळसाने, कुणी आत्यांसारखं भीतीने. जो कायदा कुणीच वापरत नाही तो मेलेला, असं धरून सरकारने तो दौतीच्या आणि सायकलीच्या कायद्यांबरोबर पुरून टाकला. पाठोपाठ नवा नियम आला की शाळा सुटल्यावर बाहेरच्या कुणालाही आवारात घ्यायचं नाही, आणि वॉचमनने संध्याकाळची फेरी मारून विजेचं मुख्य बटण बंद करायचं.

आत्यांना तो नियम हेडसरांनीच वाचून दाखवला. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपणच, आपल्याच हाताने, असं काहीतरी पुटपुटल्या. हेडसर म्हणाले, "आत्या, आधी कुणी विचारलं असतं तर मी कायदा दाखवला असता. आता काय दाखवू?"

सुनेची परीक्षा महिन्यावर आली होती. परीक्षेची अट अशी की कॅमेरा असलेला संगणक हवा, बंद खोली हवी, आत दुसरं कुणी नको, आणि पेपर सुरू झाल्यावर कॅमेऱ्यापुढून हलायचं नाही. मध्येच संपर्क तुटला तर पेपर बाद. नोकरी करणाऱ्या बायकांच्या सोयीसाठी पेपर संध्याकाळचा. सुतारांच्या घरात संगणक नाही आणि बंद खोलीही नाही. परीक्षेचं स्वतःचं केंद्र होतं दिवसभराच्या प्रवासावर, आणि सासू तिला तिकडे पाठवणं शक्यच नव्हतं.

हेडसरांनी सुचवलं की एका संध्याकाळची खास परवानगी मागू, मी पत्र लिहितो. आत्या कानावर हात ठेवून म्हणाल्या, नको नको, पत्र गेलं की त्यांना कळेल इथे काय चालायचं ते, मग किल्लीसुद्धा काढून घेतील. हेडसर म्हणाले, मग मला यातलं काही माहीत नाही. आणि त्यांनी खरंच सगळं पोटात ठेवलं.

सुनेला आत्या म्हणाल्या, "तू अभ्यास कर. खोलीचं मी बघते. मी आहे ना."

आणि त्यांनी बघितलं, अगदी जिवावर उदार होऊन. सील उघडल्यावर प्रयोगशाळेतलं जुनं सामान जिन्याखाली टाकलं होतं, त्यात प्रकाशाच्या प्रयोगांना लागणारे जाड काळे पडदे होते. ते त्यांनी झटकले, फाटले होते तिथे शिवले आणि परीक्षेच्या दिवशी दुपारीच संगणकांच्या खोलीच्या खिडक्यांवर आतून ठोकले. बाहेर उजेडाचा कवडसासुद्धा दिसू नये म्हणून. शाळा सुटली तेव्हा सुनेला त्यांनी मागच्या दाराने आत घेतलं. ती घामाने चिंब झाली होती. आत्यांनी तिचा चेहरा आपल्या पदराने पुसला, कॅमेरा सरळ केला, पाण्याची बाटली ठेवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. व्हरांड्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात स्टूल टाकून त्या बसल्या.

मुख्य बटणाचा हिशेब त्यांनी केला होता. वॉचमनदादा रोज घरी जेवायला निघताना फेरी मारतो आणि तेव्हा बटण बंद करतो. तोवर पेपर संपून दोघी बाहेर पडलेल्या असतील. त्यांनी कितीतरी संध्याकाळी लांबून पाळत ठेवून ही वेळ हेरली होती. म्हणजे बघा, माणूस फाटकाशी बसलेला, रोज "आत्या, बरं आहे ना?" म्हणून विचारणारा, आणि त्याला एका शब्दाने विचारायचं सोडून त्याच्यावर पाळत!

त्या दिवशी वॉचमनदादाची मुलगी नोकरीच्या गावाहून यायची होती. बापाला तिला घ्यायला स्टँडवर जायचं होतं, म्हणून तो लवकर निघाला. त्याने आवारातून फेरी मारली. खिडक्यांवर काळोख होता, म्हणजे सगळं ठीक. त्याने बटण खाली ओढलं.

व्हरांड्यात बसलेल्या आत्यांना आधी काही कळलं नाही. मग खोलीतल्या पंख्याची घरघर मंदावत थांबल्याचं ऐकू आलं. त्या दार ढकलून आत गेल्या. काळ्या पडद्यांमुळे आत मिट्ट काळोख होता. सून कुठे आहे तेही दिसेना.

"आत्या, शेवटचे थोडे प्रश्न राहिले होते," अंधारातून ती म्हणाली.

आत्या धावल्या. गुडघे दुखत असताना, चप्पल निसटलेली असताना व्हरांड्यातून फाटकापर्यंत धावल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या आवारात ओरडल्या, दादा, लाईट लावा! वॉचमनदादा फाटक ओढतच होता. तो टॉर्च घेऊन पळत आला, बटण वर केलं, खोलीत दिवे आले. संगणक आपल्या सावकाश चालीने सुरू झाला. सुनेने पुन्हा पेपर उघडायचा प्रयत्न केला. संपर्क तुटल्यामुळे तुमची परीक्षा रद्द झाली आहे, पुढील वर्षी नव्याने अर्ज करावा, असं पडद्यावर आलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच आलं.

वॉचमनदादाने खिडक्यांवरचे पडदे बघितले, संगणक बघितला, आणि त्याच्या सगळं लक्षात आलं. त्याने कपाळाला हात लावला.

"आत्या, मला नुसतं सांगायचंत हो," तो म्हणाला. "माझी पोरगी याच खोलीत टायपिंग शिकली. मी बटणाला हात तरी लावला असता का? इथे दारात बसून राहिलो असतो."

सून खुर्चीवरून उठली आणि तिने आत्यांकडे बघितलं. इतके दिवस तिची समजूत होती की सरकार आडवं आलं, नियम आडवे आले.

"तुम्ही यांना सांगितलं नव्हतं?"

"नाही," आत्या म्हणाल्या.

"का?"

आत्यांनी तोंड उघडलं. प्रयोगशाळा, पंख्याचा अर्ज, ती घरी बसवलेली बाई, निरंक, सगळं आठवलं. पण परीक्षा गमावून उभ्या असलेल्या पोरीला यातलं काय सांगायचं? सुनेने चपला घातल्या आणि पुढच्या दाराने, उघडपणे, ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी हेडसरांना सगळं खरं सांगितलं आणि परीक्षावाल्यांना पत्र लिहायला लावलं. चूक माझी आहे, वाटेल ती शिक्षा मला करा, पण तिचा पेपर पुन्हा घ्या. पत्राला उत्तर आलं की असा काही नियम नाही. बालवाडीने ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. सासूने शब्द पाळला. सून आता दुकानात बसते, लाकडाचे भाव सांगते, गिऱ्हाइकांना बसायला स्टूल देते.

आत्या शाळेत जाता-येता त्याच गल्लीतून जातात. दुसरा रस्ता आहे, पण त्या मुद्दाम इकडून जातात. सून त्यांना टाळत नाही. उठून उभी राहते, गुडघे कसे आहेत ते विचारते, पाणी देऊ का म्हणते. सगळं अगदी रीतीने. फक्त ती आता त्यांना आत्या म्हणत नाही. बाई म्हणते.